तपकिरी रिंग

नळीच्या मध्यावर तपकिरी रिंग आली आणि मावशींनी श्वास रोखून धरला. रिंग इतकी नाजूक, की नळीला धक्का लागला तरी विस्कटते. वर हिरवट पाणी, खाली जड आम्ल, आणि दोघांच्या सांध्यावर ती गोल रेघ. म्हणजे नमुन्यात नायट्रेट आहे. पलीकडच्या नळीत डाळिंबी साका केव्हाच बसला होता. म्हणजे निकेल. त्यांनी उत्तरपत्रिकेत ‘निकेल नायट्रेट’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

शेजारच्या टेबलावरची मुलगी डोकावली. “अय्या मावशी, काय मस्त रिंग आलीय तुमची! माझी दोनदा फिसकटली.”

मावशी लाजल्या. एवढं कौतुक वर्षभरात त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

परीक्षक अजून पहिल्या रांगेत होते. नियम साधा होता. दोन्ही नळ्या परीक्षकांना दाखवायच्या, त्यांची सही घ्यायची, मग आपापल्या नळ्या आपणच धुऊन ठेवायच्या. न दाखवलेल्या नळीला गुण नाहीत.

मावशी दुसऱ्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं नळ्या धूत होत्या. मुलांच्या रिंगा त्यांच्यापर्यंत यायच्या त्या मोडलेल्या, गढूळ होऊन, बेसिनमध्ये. सोड्यानं बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्या आता कुठल्याच मलमाला दाद देत नव्हत्या. गेल्या वर्षी तिथले सहायक निवृत्तीला आले, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, “रसायनशास्त्र घेऊन बारावी पास व्हा, जागा तुमची. एक वर्ष थांबवते. त्यापुढे माझ्या हातात नाही.”

पोरं जे दोन वर्षांत शिकतात ते मावशींना एका वर्षात उरकायचं होतं, तेही चाळिशी उलटल्यावर आणि नोकरी सांभाळून. त्यांनी जिवाचं रान केलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर समीकरणं चिकटवली. भाजी चिरता चिरता त्या संयुजा घोकायच्या. लेक चिडवायची, “आई, आता मिठाच्या बरणीवरपण सूत्र लिही!” आईनं खरंच लिहिलं. लेखी पेपर बरे गेले. आता हे प्रात्यक्षिक निघालं, की पुन्हा म्हणून कुणाची नळी धुवायची नव्हती.

परीक्षक मुलीच्या टेबलाशी आले, नळ्या पाहिल्या, सही केली. पुढचं टेबल मावशींचं. पण तेवढ्यात दारात कुणीतरी कागद घेऊन उभं राहिलं आणि ते तिकडे वळले. त्याच वेळी घंटा झाली.

मुलीनं आपला स्टँड पुढे सरकवला. “मावशी, एवढं धुऊन टाकता का? प्लीज. बस गाठायचीय.”

मावशींचे हात पुढे झाले. घंटा झाली, कुणी मावशी म्हणालं, स्टँड पुढे आला, की उचलायचा. बावीस वर्षांत याला कधी विचार करावा लागला नव्हता. आणि आज तर डोकं निकेल नायट्रेटच्या आनंदात दंग होतं. एका हातानं त्यांनी मुलीचा स्टँड उचलला, दुसऱ्यानं स्वतःचा. उरलेल्या नमुन्याची काचेची बशीही वर ठेवली. नळ सोडला, ब्रश फिरवला, तीनतीनदा पाणी घातलं. शेवटची नळी उजेडाकडे धरून पाहिली. आरपार स्वच्छ होती.

तेव्हा कुठे त्यांच्या पायांखालची जमीन सरकली.

“तुमच्या नळ्या?” परीक्षक परत आले होते.

“धुतल्या.”

“दाखवायच्या आधीच?”

“चुकून, साहेब. हाताच्या सवयीनं. रिंग आली होती हो. खरंच आली होती!”

परीक्षक काही खडूस माणूस नव्हते. “नमुना उरला असेल तर पुन्हा करा. पाच मिनिटं देतो.”

मावशींनी बशीकडे पाहिलं. ती लख्ख चमकत होती. एखादं काम अर्धवट ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

परीक्षकांनी उत्तरपत्रिका वाचली. “उत्तर बरोबर आहे. पण असं उत्तर कुणी नमुन्याच्या नुसत्या रंगावरूनही ठोकून देईल. रिंग कुणी पाहिली असेल आणि तसं सांगितलं, तर मी गुण देतो.” ते शेजारी वळले. दप्तर खांद्याला लावून मुलगी निघायच्या बेतात होती. “तू तर इथंच होतीस. यांची रिंग पाहिलीस?”

मावशींच्या जिवात जीव आला. हिनं तर पाहिलीच होती.

मुलीनं बेसिनकडे पाहिलं. तिथं तिचा स्टँड दुसऱ्याच्या हातून धुऊन निथळत होता. स्वतःचं काम दुसऱ्याला लावलं म्हणून सही खोडली गेली तर? तिचा चेहरा पडला. मावशींची नजर टाळून ती म्हणाली, “नाही सर. मी कुठं बघितली? मला तर वाटलं, या इथं धुवायलाच असतात.”

परीक्षकांनी मावशींकडे नीट पाहिलं. कोपरापर्यंत भिजलेले हात, भेगाळलेली बोटं, मागे उलट्या नळ्यांची सरळ रांग. त्यांना ते पटलं.

वाईट म्हणजे, क्षणभर मावशींनाही पटलं.