खारूचा अर्धा तास

"बाबा, ओळख बघू, काय नवीन आहे?" खारूनं फोनला जवळजवळ नाक टेकवून विचारलं.

बाबाचा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा होता. बाबाच्या हातात घास होता आणि डोळे फोनच्या वर, टीव्हीवरच्या मॅचवर. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून तो नुकताच खोलीवर आला होता. खारूच्या आईपासून वेगळा झाल्यापासून तो या शहरात एकटा राहायचा. खारू आईजवळ असायची, आणि संध्याकाळ झाली की न चुकता बाबाला व्हिडिओ कॉल लावायची. पुढचे दोन दात मोठे, म्हणून खारू हे नाव त्यानंच ठेवलेलं.

"केस कापलेस," त्यानं अंदाजपंचे ठोकून दिलं.

केस होते तसेच होते. खारूनं मान हलवली आणि नाकावरचा चष्मा बोटानं वर सरकवला. तेव्हा कुठे त्याला तो दिसला.

एवढ्याशा पोरीला चष्मा! हातातला घास त्यानं परत ताटात टाकला. हा सगळा कार्टूनचा प्रताप, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्याची जी गाडी सुटली ती थांबेचना. डोळे फुटेपर्यंत मोबाइलला चिकटून बसायचं, मग दुसरं काय होणार. खाली जाऊन खेळायला काय होतं. आईचं लक्ष असतं कुठे. खारू मध्येच काहीतरी सांगायला बघत होती. त्यानं ऐकून घेतलं नाही. आईला दे, म्हणाला.

आईनं फोन घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. वेगळं होताना दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. खारूला रोज अर्धा तास स्क्रीन, त्यापुढे नाही. तो नियम तू धाब्यावर बसवलास, असं त्यानं तिला सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, नियम आहे तिथेच आहे. चष्मा काही मुलांना लागतोच, असं डॉक्टर म्हणाले.

"मग अर्धा तास तरी कशाला हवा? बंद कर तेवढाही."

"बंद करू? अरे, तिचा अर्धा तास तूच आहेस."

त्याला काही उमजेना. मग तिनं सांगितलं. त्या अर्ध्या तासात काय बघायचं, ते खारूचं खारू ठरवते, आणि ती रोज बाबाचा व्हिडिओ कॉलच निवडते. वर्गातल्या मुली कार्टूनच्या गप्पा मारतात, तेव्हा हिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आईनं परोपरीनं समजावलं होतं, बाबाला साधा फोन कर, बोलणंही होईल आणि कार्टूनही बघता येईल. पण खारूचा एकच हेका. नुसता आवाज नको. बाबा दिसायला हवा.

फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही. कितीदा तिनं चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरलं होतं, आणि त्यानं न बघताच छान म्हटलं होतं. हात भरून येईपर्यंत ती ते तसंच धरून ठेवायची. कितीदा तर दमलो म्हणून त्यानं मध्येच फोन ठेवला होता. उरलेल्या वेळात ती काय करते, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाची बोलणी खाऊन तो लवकर निघाला. दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, टीव्ही लावला नाही. फोन हातात धरून खुर्चीत बसला. चष्मा तुला किती शोभतो, हे आधी म्हणायचं, मग कालच्याबद्दल चुकलो म्हणायचं, अशी मनात जुळवाजुळव केली. रोजची वेळ झाली, टळली. अभ्यास राहिला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. शेवटी न राहवून त्यानंच फोन केला. आईनं उचलला.

"खारू कुठाय?"

"आत. कार्टून बघतेय." तिच्या आवाजात राग नव्हता. खारूनं आज आपणहून मागितलं, आणि ती कधी काही मागत नाही, म्हणून आईला नाही म्हणवलं नव्हतं.

"बाबाला फोन करायचा नाही का, असं विचारलंस?"

"विचारलं ना." ती अडखळली. "म्हणाली, झोपताना साधा फोन करीन."

तेवढ्यात आतल्या खोलीतून खारू खळखळून हसली, अगदी पोट धरून हसावं तशी. त्याच्यासमोर बसून इतक्या महिन्यांत ती एकदाही अशी हसली नव्हती, हे त्याला आता कळलं, तिचा चेहरा दिसत नसताना.