नारळ आडवाच राहिला

"नारळ उठला की लगेच मशीन लावा!" अजित ओरडला आणि बांधावरच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. निमगाव केतकीच्या त्याच्या डाळिंबाच्या बागेत सकाळपासून नुसती जत्रा भरली होती. बोअरची गाडी आली होती आणि इंदापूरहून कुंडलिकआबाही. आबा म्हणजे पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन रानातनं चालायचे. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असा सगळ्या तालुक्याचा विश्वास.

अजितचे वडील आप्पासाहेब खाटेवर मिशा पिळत बसले होते. हजार फूट गेलं तरी बेहत्तर, बोअर घ्यायचाच, हे त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्यापुढं तोंड उघडायची घरात कुणाची टाप नव्हती.

शेजारच्या वस्तीवरच्या फुलाबाईच्या जिवाचं मात्र पाणी पाणी झालं होतं. बांधापलीकडं वस्तीची विहीर, चाळीस घरांच्या पिण्याची. शेजारी एवढा खोल बोअर पडला तर ती आटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तिनं आबांना लिंबाखाली गाठलं.

"आबा, पाया पडते. नारळ उठू देऊ नका. उद्या आमच्या नातवंडांनी काय प्यायचं?"

"चाळीस वर्सांत खोटं सांगितलं न्हाय, बाई. नारळ सांगंल तेच."

आबा चालू लागले. मागं गर्दी, श्वास रोखून. अजित तर सगळ्यांच्या पुढं. "उठतोय बघा, उठतोय!" विहिरीकडच्या कोपऱ्यात नारळ थरथरला.

नारळ आडवाच राहिला.

"हितं पाणी न्हाय," आबा म्हणाले.

आप्पासाहेबांनी तीनदा विचारलं आणि तरातरा घर गाठलं. बोअरची गाडी वळली. अजितनं कपाळावर हात मारला. "आता ठिबक अन् शेततळं, दुसरं काय!" वस्तीवरच्या बाया फुगड्या घालायच्याच काय त्या राहिल्या होत्या.

फुलाबाई धावतच आबांकडं आली. तिचे डोळे भरले होते. "माझं ऐकलंत, आबा! अन् त्या अजितची बरी जिरली. मेल्याला उद्याची फिकीरच न्हाय."

"गप गं!" आबा लाल झालेला अंगठा चोळत म्हणाले. "बापापुढं बोलता येत न्हाय, पर नारळ तेवढा दाबून धरा, म्हणून काल माझ्या दारात रडला, त्यो अजितच."