हॅल्वर घरी नसताना

"आणखी कोणाला हॅल्वरबद्दल दोन शब्द बोलायचेत?" पास्टरबाईंनी विचारलं, आणि मागच्या टेबलावरून वेन्डेल उठला. हॅल्वरच्या बायकोने, आर्डिसने, हातातला कप खाली ठेवला. वेन्डेल म्हणजे गावातला प्लंबर. गेलेल्या नवऱ्याची अब्रू आता या माणसाच्या जिभेवर होती.

दफन आटोपून सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले होते. हॅमचे पाव, बटाट्याचं सॅलड आणि कपाचा तळ दिसेल इतकी पातळ कॉफी. आमच्या डुलुथकडे येऊन वसलेल्या नॉर्वेजियन माणसांना चारचौघांत रडता येत नाही, म्हणून ती किस्से सांगतात. मुलगी सॉल्वेग सांगून गेली, बाबांनी नद्यांवर पूल बांधले, पण घरच्या नळाला परक्याचा हात लागू दिला नाही. मुलगा म्हणाला, "निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. जरा गळती दिसली, की पान्हा घेऊन सिंकखाली!" लोक हसले. आर्डिसही हसली. तिनेच चाळीस वर्षं हे गावभर सांगितलं होतं.

खरं काय ते तिला ठाऊक होतं, आणि वेन्डेलला. हॅल्वरने हात लावला, की थेंब थेंब गळणारा नळ धो धो वाहायचा. मग तो तळ्यावर मासे धरायला गेला, की आर्डिस फोन उचलायची. वेन्डेल आपली व्हॅन चर्चमागे लावून मागच्या दाराने घरात यायचा. संध्याकाळी हॅल्वर नळ सोडून बघायचा, "बसला की नाही नीट?" म्हणायचा, आणि आर्डिस कौतुकाने मान डोलवायची. ज्याच्या पुलांवरून मालगाड्या जातात त्याला घरचा नळ जमत नाही, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? जीव होता तिचा त्याच्यावर. आणि आता नातवंडांसमोर हा बाबा काय बोलून बसतो, देव जाणे!

वेन्डेल खाकरला. "हॅल्वरसारखा हात," तो म्हणाला, "माझ्या उभ्या धंद्यात मी दुसरा पाहिला नाही."

एवढंच बोलून तो खाली बसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आर्डिसचा जीव भांड्यात पडला. लिंबाच्या वड्यांची बशी घेऊन ती तशीच त्याच्या टेबलाशी गेली.

"उपकार झाले रे बाबा," ती कुजबुजली. "लाज राखलीस त्याची. बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

वेन्डेलने उचललेली वडी परत बशीत ठेवली.

"पत्ता लागला नाही? अगं आर्डिस, पान्हा हातात घेण्याआधी मला त्याचा फोन यायचा! 'आज नळाला हात लावतोय. उद्या मी तळ्यावर गेलो की ती तुला बोलावेल. तेवढा गावात राहा.'"

आर्डिस खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "मग... मग सरळ तुलाच का नाही बोलावलं मेल्याने?"

"मीही हेच विचारायचो. तर म्हणायचा, 'मला त्या नळांचा मनापासून कंटाळा आहे रे. पण नवरा घरचं सगळं स्वतः करतो, हे लोकांना सांगताना तिचा चेहरा बघितलायस का? तिला मात्र कळू देऊ नकोस. बिचारीचा हिरमोड होईल.'"