मापाची चप्पल

आमच्या विज्ञानप्रेमींच्या ग्रुपवर ठशाचा फोटो टाकताना मापासाठी शेजारी एखादी वस्तू ठेवायचा नियम आहे. मोहर्लीच्या श्रावणनं वाघाच्या पंजाचा ठसा टाकला; शेजारी निळी चप्पल होती. "कधीचा असन, भाऊ? वाघ कोन्या बाजूले गेला? लवकर सांगा." पुण्याच्या प्राध्यापकांनी मादी ठरवली, नागपूरच्या डॉक्टरांनी नर. कडा धारदार, म्हणजे ठसा ताजा, यावर मात्र एकमत झालं. मी चप्पल सहा नंबरची धरून पंजा बारा सेंटिमीटर काढला. "सांगा न, भाऊ." अॅडमिन म्हणाले, "संयम वैज्ञानिकाचा पहिला गुण." प्राध्यापकांनी शाबासकी दिली, "फोटो उत्तम. पुढच्या वेळी मापाला चप्पल नको, फूटपट्टी ठेव." श्रावणनं लिहिलं, "चप्पल मी नाई ठेवली. बायको पहाटे मोहफुलं वेचाले गेली, अजून आली नाई. चप्पल तिची आहे." त्यालाही सवयीनं सात अंगठे आले.