भरमाच्या जीपचा हॉर्न

भरमानं स्टिअरिंगवरचं बटण पुन्हा दाबलं. हॉर्न गप्पच.

"मेलंय ते. घाटात मी तोंडानंच वरडतो," तो ओशाळून म्हणाला.

जांबोटीच्या रानाच्या तोंडाशी जीप उभी होती. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं होतं. उपासनाची आई, सोनुबाई, चुकलेल्या रेडकाच्या मागं दुपारी आत शिरली ती अजून परतली नव्हती. निम्मा गाव हाका मारमारून घसा बसवून घेत होता. रानात गवे होते, अस्वलंही होती.

"सोनुआक्का वो देणार न्हाई गं," भरमा म्हणाला. "अलीकडं कुणाशी बोलतीय ती?"

ते उपासनाला कुणी सांगायला नको होतं. आई नको म्हणत असताना ती बेळगावला इंजिनियर म्हणून नोकरीला लागली. गाड्यांचे स्विच आणि कनेक्टर बनवायचा कारखाना. तेव्हापासून आईचं बोलणंच आटलं. फोनवर काहीही विचारलं तरी "बरं, बरं" म्हणायची आणि ठेवून द्यायची. घरी आलं तर चुलीकडं तोंड करून बसायची, हाक मारली तरी वळायची नाही. शेवटी उपासनानंच येणं कमी केलं. आज शेजारणीचा फोन आला, तशी ती हातातलं काम टाकून धावली होती.

"अण्णा, सरक. इंजिन चालू ठेव," ती भरमाला म्हणाली.

तिनं स्क्रूड्रायव्हरनं बटणाचं झाकण उचकटलं. आतली पत्र्याची पट्टी गंजून गेली होती. तिनं वायर ओढून काढली, दातांनी टोक सोललं आणि स्टिअरिंगखालच्या उघड्या लोखंडाला टेकवलं.

ठिणगी उडाली आणि जीपनं हंबरडाच फोडला. पाखरांचे थवेच्या थवे झाडांवरून उठले. भरमा दोन हात मागं उडाला.

उपासनानं वायर उचलली. कान दिला. काही नाही. पुन्हा टेकवली. दरीपलीकडचा डोंगरही भोंगा वाजवू लागला.

"हॉर्न जळंल गं!"

"जळू दे!"

बोटाला चटके बसत होते. ती वायर टेकवत होती, उचलत होती, ऐकत होती. ऊन शेंड्यांवरूनही निघून गेलं. आणि मग समोरचं करवंदीचं जाळं हललं. काटक्या मोडल्या.

"गवा!" कुणीतरी ओरडलं. माणसं पांगली. उपासना मात्र जागची हलली नाही. वायर तिनं तशीच दाबून धरली.

जाळीतून रेडकू बाहेर आलं. त्याच्या दाव्याला धरून, केस सुटलेली, हातापायांवर ओरखडे उठलेली सोनुबाई.

एकच कल्ला उडाला. उपासना धावत सुटली आणि तिनं आईला मिठीच मारली. मग तिला एकदम संताप आला.

"एवढा गाव ओरडतोय! ओ का दिली नाहीस?"

सोनुबाई तिच्या ओठांकडं बघत राहिली. "वरडत हुते व्हय? मला गाडीचा तेवढा आवाज आला. त्याच्याच मागनं पाय उचललं." आणि ती वाकून रेडकाच्या पायातला काटा बघू लागली.

उपासना आईच्या पाठीमागं गेली आणि हातभर अंतरावरून मोठ्यानं म्हणाली, "आई!"

भरमा वळला. पांगलेली माणसं वळली. सोनुबाई काटाच शोधत होती.

उपासना समोर येऊन बसली. आईचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्या कानाशी ओरडली, "आई, तू माझ्यावर रागावली नव्हतीस?"

"राग? त्यो तवाच गेला की!" सोनुबाई हसली. "बेळगावात जाऊन तूच हळू बोलाय लागलीस. मला वाटलं, शिकलेली मानसं अशीच बोलत असतील."