टाळूला टेकलेला न

"जीभ पुन्हा खाली पडली, आजी."

एक्स-रे काढणाऱ्या हेवोनच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मालसूनला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. कोरियातल्या योजू गावी, दातांच्या दवाखान्यातल्या अरुंद खोलीत ती यंत्राच्या दांड्या धरून उभी होती. हनुवटी टेकलेली, पुढच्या दातांत प्लास्टिकची काडी, कपाळावरून नाकावर उतरलेली लाल उजेडाची रेघ. कानातली, मागच्या दातांची कवळी आणि चष्मा शेजारच्या ट्रेमध्ये पडले होते. अख्ख्या जबड्याचा एक्स-रे फोटो निघाला होता खरा, पण वरच्या मुळांवर काळा पट्टा आला होता. जीभ टाळूला चिकटली नाही की मधे हवा राहते, आणि हवा काळी उमटते. डॉक्टरांना नेमकी तीच मुळं बघायची होती.

"ने," मालसून काडी सोडून म्हणाली. ने म्हणजे हो. वडिलांनी भावांना शाळेत घातलं आणि तिला पाणी भरायला ठेवलं, तेव्हाही ती ने म्हणाली होती. मग सासूला ने, नवऱ्याला ने.

"मी बटण दाबायला बाहेर गेले की लोक विसरतात," हेवोन म्हणाली. "म्हणून तर समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. तेवढं वाचा आणि तसंच करा."

मालसूनने भिंतीकडे पाहिलं.

"चष्मा घरी राहिला गं."

हेवोनने ट्रेकडे पाहिलं. मालसूनचीही नजर तिकडेच गेली.

"तुमच्या मागोमाग चालत आलेला दिसतोय," हेवोन म्हणाली.

मालसूनला हसू फुटलं. मग ते विरलं.

"येत नाही वाचायला. जाते मी म्हातारपणच्या शाळेत, वर्ष झालं. उद्या शेवटचा दिवस. प्रत्येकीने फळ्यावर आपलं नाव लिहायचंय, सरपंच येणारेत बघायला. माझं शेवटचं अक्षर काही हातून उतरत नाही. लिहायला जाते मालसून, होतं मालसू. तो न कुठं पळतो कोण जाणे! शेजारीण म्हणते, तुझ्या नावाचाही एक दात पडलाय." तिने दांडी घट्ट धरली. "उद्या दात दुखतोय म्हणून सांगणार आणि घरीच बसणार. असली अक्षरं शिकलेल्यांच्या घरची. आपल्याकडे नाही राहत."

हेवोन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"न म्हणा बरं, आजी. न... आणि तिथंच थांबा. सोडू नका. जीभ कुठं आहे?"

"वर. दातांच्या मागं."

"टोक वर उभं, बाकीची जीभ आडवी. हो ना?" हेवोनने तिचा तळवा उलटा केला आणि त्यावर बोटाने एक रेघ काढली. वरून खाली आली, पायाशी वळली, आडवी गेली. "हाच आपल्या कोरियन लिपीतला न, तुमच्या नावातला. अक्षर बनवणाऱ्याने जिभेचंच चित्र काढलंय."

मालसून तळव्याकडे बघत राहिली.

"कुणी काढलं?"

"राजाने. आपली सगळी अक्षरं त्यानेच बनवली. तोच की, तुमच्या गावाबाहेर निजलेला."

त्या समाधीच्या टेकडीवर ती लहानपणी पाइनची वाळकी पानं गोळा करायला जायची. राखणदाराची नजर चुकवून, चुलीसाठी. आत राजा आहे हे तिला ठाऊक होतं. तो आपल्यासारख्यांच्या तोंडात डोकावून गेलाय, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"चला, पाऊल पुढे. पाठ वाकवायची नाही, मान ताठ. कुणीतरी डोक्यावरचे केस धरून वर ओढतंय असं समजा. चावा काडी. ओठ मिटा. आता मनात न धरा आणि सगळी जीभ वर चिकटवा. बाकी काही लक्षात ठेवू नका."

दार लागलं. यंत्र गुणगुणत तिच्या डोक्याभोवती फिरू लागलं. बुद्धाच्या जन्मदिवशी बायका देवळातल्या दगडी मनोऱ्याभोवती हात जोडून फिरतात. तिची आई फिरायची, ती आईचा झगा धरून मागे असायची. आज कुणीतरी तसंच संथपणे तिच्याभोवती फिरत होतं, आणि मधला मनोरा ती होती. तिचे गुडघे दुखत होते. पण तिने न सोडला नाही.

पडद्यावर जबडा उलगडला. नाशपातीचं साल न तोडता सोलून टेबलावर सरळ पसरावं, तसा या कानापासून त्या कानापर्यंत. काळा पट्टा कुठंच नव्हता. हिवाळ्यातल्या झाडांसारखी दातांची मुळं शेंड्यापर्यंत स्पष्ट दिसत होती. मालसूनने चष्मा चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"कुठंय?"

"काय, आजी?"

"न."

"तो नाही दिसायचा. जीभ नीट बसली की दिसतच नाही. ती बसलीय म्हणून बाकीचं सगळं दिसतंय."

मालसून बराच वेळ पाहत राहिली. देवळात उभं राहावं तशी. हेवोनने तिच्या हातात कानातली ठेवली.

"मग उद्या जाणार ना शाळेत?"

"ने," मालसून म्हणाली, आणि चमकून तिने बोटं ओठांवर ठेवली. भावांच्या दप्तरातून शाळेत गेलेलं ते अक्षर, पाणी भरता भरता, प्रत्येक 'ने'च्या सुरुवातीला, ती जन्मभर जिभेने गिरवत आली होती.