नळाचं पाणी

“बाबा, आता कोण घालतंय नळाचं पाणी?”

मुलगी गाडीच्या पुढे उभी होती. गॅरेजच्या फरशीवर हिरवट कूलंटचं थारोळं झालं होतं. रेडिएटर मेस्त्रीने आताच तपासला होता. ॲल्युमिनियमला आतून बारीक भोकं पडली होती, कीड लागल्यासारखी. अशीच भोकं त्याने नऊ वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा एका वर्षात दोन रेडिएटर गेले होते.

तेव्हा ही गाडी त्याची बायको चालवत असे. दोष तिच्यावर टाकून तो मोकळा झाला होता. “कूलंट कमी झालं की ही सरळ नळाचं पाणी ओतते,” असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. “त्या पाण्याने ॲल्युमिनियम सडतं. पण ऐकतंय कोण?” ती म्हणायची, तुम्ही दिलेल्या कॅनमधलंच घालते. त्याने ते कधी खरं मानलं नाही.

तिचं मोटारी भरायचं छोटं दुकान होतं. जळलेले पंखे, पाण्याच्या पंपाच्या मोटारी ती तांब्याची नवी तार गुंडाळून चालू करून द्यायची. ती डावखुरी होती. तारांची टोकं ती मेणाच्या दोऱ्याने बांधायची आणि तिची गाठ उलटी यायची. त्या गाठीवरून लोक काम कुणाचं ते ओळखायचे.

एकदा ती गॅरेजमध्ये येऊन म्हणाली होती, “अहो, हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढतो. बंद केले की उतरतो. एकदा अर्थिंग बघता का?”

दोन गिऱ्हाइकं बसली होती. मेस्त्री त्यांच्याकडे बघत म्हणाला, “पंखेवालीने पंख्यातच डोकं घालावं. गाडीला अर्थिंग करायचं म्हणजे काय, रस्त्यात खड्डा खणू?” दोघं हसले. तीही थोडी हसली. त्या संध्याकाळी त्याने दाराजवळच्या खिळ्यावरची गाडीची चावी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

ती दुकानात बसने जाऊ लागली. दर रविवारी ती पुलापलीकडे बहिणीकडे जायची. ते महिन्यातून एकदावर आलं, मग नुसत्या फोनवर.

आणि गळती थांबली. नऊ वर्षांत एक थेंब गळला नाही. “चावी काढून घेतली आणि रोग गेला,” हे मेस्त्रीने चारचौघांत किती वेळा सांगितलं याची गणती नाही. ती समोर चहा गाळत असायची. म्हणायची, “गेला ना, बरं झालं.”

ती गेली त्याला सात महिने झाले होते. ती गेल्यावर महिनाभराने त्याने गाडी मुलीसाठी तयार केली होती. मधल्या नऊ वर्षांत स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलण्यापलीकडे त्याने फारसं काही केलं नव्हतं. या वेळी मात्र बॅटरी उतरवून सगळं धुतलं, पुसलं. बॅटरीच्या खाली तेलमातीने माखलेली एक हिरवी वायर निघाली. एक टोक इंजिनला, एक बॉडीला. ती कंपनीची नव्हती आणि त्यानेही लावली नव्हती. कुणा शिकाऊ इलेक्ट्रिशियनचा उपद्व्याप, असं म्हणून त्याने ती काढून भंगाराच्या डब्यात टाकली होती.

“आई तर नाहीये,” मुलगी म्हणाली. “आणि मी तुमच्याच कॅनमधलं घालते. मग हे काय आहे?”

त्याने मीटर आणला. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरीचं टोक रेडिएटरच्या तोंडातून कूलंटमध्ये बुडवलं. आकडा जवळजवळ शून्य होता.

“हेडलाइट लाव.”

तिने लावले. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला. मेस्त्रीने तो दोनदा वाचला. दिव्यांचा करंट बॅटरीकडे परतायला हवा होता अर्थच्या पट्टीतून. तो परतत होता कूलंटमधून, आणि जाता जाता ॲल्युमिनियम खात होता.

त्याने इंजिन आणि बॉडी जोडणारी ती पट्टी खोलली. पट्टीच्या खाली कोरं लोखंड असायला हवं. तिथे आकाशी रंग होता, चकचकीत. तो त्याच्याच हातचा होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिच्या आवडीचा म्हणून त्याने सगळी गाडी स्वतः रंगवली होती. बॉनेटच्या आतही बोटभर जागा सोडली नव्हती. मग त्या रंगावरच पट्टी आवळली होती. रंगातून वीज जात नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं.

“कुणाची चूक?” मुलीने विचारलं.

“माझी.”

तो कानशीने रंग खरवडू लागला.

“पण बाबा, रंग तर दहा वर्षांपूर्वीचा. मग मधली नऊ वर्षं का नाही गळलं?”

कानस थांबली. तो उठला आणि कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्याशी गेला. वरचे नटबोल्ट, फाटके पाइप त्याने फरशीवर ओतले. हिरवी वायर तळाशी होती. रॉकेलच्या फडक्याने त्याने ती पुसायला घेतली. तेलमाती निघत गेली.

दोन्ही टोकांना मेणाचा दोरा बांधला होता, आणि गाठी उलट्या होत्या.